वही सावकाराची, नाव आपलं

१२ मे १८७५. सुप्याच्या बाजाराचा दिवस. हे सुपं बारामती तालुक्यातलं. पारनेरचं एमआयडीसीवालं सुपं वेगळं. त्या काळी ते पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यात मोडायचं. आसपासच्या गावांतले शेतकरी बाजाराला आले आणि त्यांनी मारवाडी-गुजर सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चाल केली. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हेच घडलं. शाळेच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात आणि एका परिच्छेदात उरकतात.

त्या परिच्छेदात सहसा सुटणारी गोष्ट अशी, की जमावाला मुख्यतः कागद हवे होते. कर्जरोखे, कोर्टाचे हुकूमनामे, जुनी खतं. ज्या सावकाराने कागद काढून दिले त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. ज्याने दिले नाहीत त्याचं घर पेटलं. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेही हेच नोंदवलं: दंगेखोरांचा हेतू सगळीकडे सावकाराकडचे रोखे मिळवून ते नष्ट करण्याचा होता.

मी दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसणारा माणूस आहे. त्यामुळे मला हे वाचताना वाटलं, ही मंडळी चोर नव्हती, त्यांना रेकॉर्ड डिलीट करायचं होतं. आणि मग साहजिक प्रश्न पडला: रेकॉर्डमध्ये असं काय लिहिलं होतं, की ते जाळल्याशिवाय दुरुस्त होणार नाही असं त्यांना वाटलं?

याचं उत्तर एका चांगल्या हेतूने केलेल्या कायद्यात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ठरवलं, की साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा. म्हणजे जुनी देणी उकरून काढून कुणी कुणाला पिढ्यान्‌पिढ्या छळू नये. सावकारांनी त्यावर सोपा तोडगा काढला. तीन वर्षं भरत आली की कुळाला बोलवायचं, थकलेलं व्याज मुद्दलात मिसळायचं आणि त्या एकूण रकमेचा नवा रोखा लिहून घ्यायचा. पुन्हा तीन वर्षांनी तेच. कुळाने मधे धान्य घातलं असेल, रोख दिली असेल, तर त्याची पावती नाही. जुना रोखा परत मिळेलच असंही नाही.

आता कोर्टात काय व्हायचं ते बघा. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ३४ होतं. व्यापाराच्या ओघात नियमित लिहिलेल्या हिशेबाच्या वह्या पुरावा म्हणून चालतील, पण फक्त वहीतल्या नोंदीवरून कुणावर देणं लादता येणार नाही, असं त्यात म्हटलेलं. फार शहाणं कलम आहे ते. माणूस स्वतःच्या वहीत स्वतःच्या फायद्याचं काहीही लिहू शकतो, एवढी साधी जाणीव त्यात आहे. पण सावकार कोर्टात वही घेऊन जायचाच नाही. तो रोखा घेऊन जायचा. रोख्याखाली कुळाची खूण असायची. अक्षर न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा आणि शेजारी लिहिणारा लिहायचा, 'निशाणी नांगर'. त्या नांगराने वरचा सगळा आकडा कुळाने स्वतः कबूल केलेला ठरायचा. मूळ कर्ज किती, व्याज किती, परत किती केलं, हे कोर्ट विचारायचं नाही. कित्येक दावे तर कूळ हजरही नसताना एकतर्फी निकाली निघायचे.

'आय अ‍ॅग्री'वर टिक करताना मला हल्ली तो नांगर आठवतो.

दंग्यांमागे इतर कारणंही होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचे भाव चढले, युद्ध संपल्यावर कोसळले, सावकारांनी हात आखडते घेतले, त्यातच शेतसारा वाढला. त्या सगळ्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला इथे फक्त कागदाचा धागा धरायचाय, कारण सरकारनेही शेवटी तोच धरला.

१८७९ साली 'डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट' आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्या काळाच्या मानाने हा कायदा विलक्षण आहे. शेतकऱ्याविरुद्ध कर्जाचा दावा आला, तर कोर्टाने रोख्यावरचा आकडा खरा मानून थांबायचं नाही. व्यवहार सुरू झाला तिथपर्यंत मागे जायचं आणि पूर्ण इतिहास तपासायचा. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं मांडायचं. कुळाने तक्रार केली असो वा नसो, त्याने रक्कम कबूल केली असो वा नसो, तपासणीची जबाबदारी कोर्टाची. शिवाय रोखे गावच्या रजिस्ट्रारसमोर करायचे. सावकाराने पैसे मिळाल्याची लेखी पावती द्यायची, मागितल्यास वर्षाचा हिशेब द्यायचा, पासबुक द्यायचं, नाही दिलं तर दंड. आणि कर्जापायी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकणं बंद. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८८७ साली याच कायद्याखाली स्पेशल जज झाले. खालच्या कोर्टांत हा कायदा नीट पाळला जातो की नाही हे पाहणं त्या कचेरीचं काम होतं.

कायद्यातून पळवाटाही निघाल्या. सावकारांनी कर्जाऐवजी जमिनीची खरेदीखतंच करून घ्यायला सुरुवात केली. तरी मूळ कल्पना लक्षात ठेवण्यासारखी आहे. देणेकऱ्याची नोंद ठेवण्याचा हक्क सावकाराचा, पण वाद झाला तर ती नोंद खरी आहे हे तिसऱ्या माणसाने मुळापासून तपासायचं.

याच सुमारास तिकडे न्यूयॉर्कमध्ये वेगळ्या प्रकारची वही भरत होती. सिबिलचं मूळ त्या वहीत आहे, म्हणून एक चक्कर तिकडे.

लुइस टॅपन नावाच्या रेशीम व्यापाऱ्याने १८४१ साली तिथे 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावचे बातमीदार, बरेचसे वकील, तिथल्या दुकानदारांची माहिती पाठवायचे: कुणाची पत किती, दारू पितो का, बायकोच्या माहेरी पैसा आहे का. न्यूयॉर्कला कारकून ती मोठ्या वह्यांत उतरवायचे आणि वर्गणीदार व्यापाऱ्यांना वाचून दाखवायचे. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ती वही कधीच दिसायची नाही. ओहायोतल्या बिअर्ड्सली नावाच्या व्यापाऱ्यांबद्दल तिथे अशी नोंद झाली, की यांची बायको घटस्फोट मागणार आहे आणि यांनी मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केलीय. उधारी बंद झाली. त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. हे लिहिलं कुणी, असं कोर्टाने विचारल्यावर एजन्सीच्या बेंजामिन डग्लसने बातमीदाराचं नाव सांगायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगात गेला. १८५१ साली ज्युरीने बिअर्ड्सलींना दहा हजार डॉलर भरपाई दिली. वरच्या कोर्टाने १८७० साली तो निकाल फिरवला.

एजन्सीने तुरुंग पत्करला, पण नोंद कुठून आली ते सांगितलं नाही. हा तिचा धंद्याचा धर्मच होता. पुढे याच एजन्सीची 'डन अँड ब्रॅडस्ट्रीट' झाली. सामान्य ग्राहकांच्या फायली ठेवणाऱ्या कंपन्या नंतर आल्या. अटलांटाची 'रिटेल क्रेडिट कंपनी' १८९९ ची. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन संसदेत तिच्यासारख्या कंपन्यांच्या कारभारावर टीकेची झोड उठली आणि १९७० साली 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट' झाला. त्यात आपल्या विषयाचा गाभा आहे: ग्राहकाने नोंदीवर आक्षेप घेतला, तर ब्युरोने पुन्हा चौकशी करायची, आणि ज्या माहितीची खात्री पटवता येत नाही ती काढून टाकायची. वाद मिटलाच नाही, तर ग्राहकाला स्वतःची बाजू थोडक्यात लिहून फाइलला जोडता येते. 'रिटेल क्रेडिट'ने पाच वर्षांनी नाव बदललं. नवं नाव: इक्विफॅक्स.

आता मुंबईत या. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या एन. एच. सिद्दिकी यांच्या अभ्यासगटाने १९९९ साली भारतात क्रेडिट ब्युरो हवा असं सुचवलं आणि २००० साली सिबिलची स्थापना झाली. मोठे भागधारक स्टेट बँक आणि एचडीएफसी. तांत्रिक भागीदार ट्रान्सयुनियन आणि, हो, डन अँड ब्रॅडस्ट्रीट. टॅपनच्या वहीचा वारस आपल्याकडे थेट पहिल्याच पाटीवर होता. एक अडचण होती: बँकेने ग्राहकाची माहिती गुप्त ठेवावी असा जुना दंडक. तो ओलांडायला कायदा लागणार होता. 'क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज (रेग्युलेशन) अ‍ॅक्ट' २००५ साली मंजूर झाला, २००६ च्या डिसेंबरात लागू झाला. २०१० पासून इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि हाय मार्क हेही मैदानात आले. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते सिबिलच. आज 'तुझं सिबिल किती?' हा प्रश्न लग्नाच्या बैठकीतही निघतो.

सिबिलचा रिपोर्ट ज्याने कधी नीट वाचला नसेल त्याच्यासाठी: प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात, मागच्या ३६ महिन्यांचे. चौकोनात आकडा असतो, हप्ता किती दिवस थकला त्याचा. ००० म्हणजे सगळं वेळेवर. त्याशिवाय खात्याला एक शब्द चिकटलेला असतो आणि माझ्या मते सगळं भांडण त्या शब्दाचं असतं. 'क्लोज्ड' म्हणजे फिटलं. 'सेटल्ड' म्हणजे तडजोड करून कमी रकमेत मिटवलं. वसुलीवाला फोनवर 'सर, सेटल करून टाका, विषय संपला' म्हणतो तेव्हा हा शब्द मागे राहणार हे तो सांगत नाही. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने आपल्या ताळेबंदातून ते कर्ज बुडीत म्हणून काढलं. अनेकांना ती माफी वाटते. ती माफी नव्हे. देणं तसंच राहतं, वसुली चालू राहते आणि फाइलवर मात्र सगळ्यात काळ्या शाईचा शिक्का बसतो.

आणि या शब्दाची किंमत आता फक्त कर्जापुरती राहिलेली नाही. सिबिल खराब म्हणून स्टेट बँकेने निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली, तेव्हा २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचीच बाजू घेतली. उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं होतं, की कमी स्कोअर म्हणून विद्यार्थ्याचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज फेटाळू नका.

मग हा शब्द चुकीचा लागला असेल तर काय करायचं? २००५ च्या कायद्याचं कलम २१ यासाठीच आहे. कर्जदार दुरुस्ती मागू शकतो आणि त्यावर ३० दिवसांत पावलं उचलायची असतात. इथवर छान. पण त्याला दोन जोडकलमं आहेत, ती वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

पहिलं: ज्या बँकेने कर्ज दिलं तिने 'ही दुरुस्ती बरोबर आहे' असं प्रमाणित केल्यावरच ब्युरोने बदल करायचा. दुसरं: त्या दुरुस्तीबद्दलचा वाद लवाद, न्यायाधिकरण किंवा कोर्टापुढे चालू असेल, तर बदल करायचाच नाही, आणि वाद चालू असेपर्यंत बँकेच्या वहीतल्या नोंदीच धरायच्या.

वहीतल्या नोंदी. कायद्यात खरोखर तोच शब्द आहे. ज्या देशात १८७२ पासून 'नुसत्या वहीवरून देणं लादू नका' असं लिहिलेलं आहे, आणि आजच्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे, त्याच देशात पतीच्या फायलीपुरती मात्र वही पुरेशी ठरते. वकील म्हणतील, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत; पुरावा कायदा वसुलीच्या दाव्याबद्दल बोलतो, ब्युरो फक्त माहिती पुढे पाठवतो. तांत्रिकदृष्ट्या मान्य. पण घर नाकारलं गेलेल्या माणसाला या फरकाचा काय उपयोग?

माझ्या टीममधल्या एका मित्राचं उदाहरण देतो. मूळचा दौंडचा. २०२१ मध्ये त्याने एका ऑनलाइन कोर्ससाठी नाव नोंदवलं. फी हप्त्यांत, म्हणजे प्रत्यक्षात एका वित्तसंस्थेचं ४२ हजारांचं कर्ज. कोर्सवाल्यांच्याच नियमात बसेल अशा मुदतीत त्याने कोर्स रद्द केला, तसा ईमेलही त्याला आला. कोर्सवाल्यांनी पैसे वित्तसंस्थेला परत केले नाहीत. हप्ते कापले जात राहिले, तेव्हा त्याने बँकेत सांगून ते बंद केले. म्हणजे कर्ज फेडलेलं नाही, हे तोही नाकारत नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की ज्या वस्तूसाठी कर्ज घेतलं ती रद्द झाली, हे तुमच्या नोंदीत कुठेच नाही. तीन वर्षांनी घरासाठी कर्ज मागितलं तेव्हा रिपोर्टवर दिसलं: 'रिटन ऑफ'.

त्याने ऑनलाइन डिस्प्यूट टाकला. ब्युरोने तो वित्तसंस्थेकडे पाठवला, वित्तसंस्थेने 'आमची नोंद बरोबर आहे' म्हटलं, ब्युरोने तेच त्याला कळवलं. असं तीनदा. रद्द केल्याचा ईमेल त्याने प्रत्येक वेळी जोडला होता. तो कुणी उघडला असेल असं वाटत नाही. शेवटी तो ग्राहक आयोगाकडे गेला. त्यावर वित्तसंस्थेचं उत्तर आलं, की प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने नोंदीत बदल करता येत नाही. दुसरं जोडकलम. न्याय मागायला गेल्यामुळेच नोंद गोठली.

आमच्या भाषेत सांगायचं तर ब्युरो ही निव्वळ कॉपी आहे. मूळ डेटा बँकेच्या सिस्टिममध्ये, तिथून ठरावीक फॉरमॅटमधल्या फाइली येतात आणि ब्युरोचा तक्ता बदलतो. कॉपीत कुणी परस्पर हात घालू नये हा नियम इंजिनिअर म्हणून मला पटतो. नाहीतर उद्या पैसे चारून कुणीही आपली फाइल धुऊन घेईल. असे 'सिबिल रिपेअर'वाले एजंट आजही इन्स्टाग्रामवर फिरतातच, त्यांना एक रुपया देऊ नका. पण सिस्टिमच्या डिझाइनचा नियम वेगळा आणि वाद निवाड्याचा नियम वेगळा. मूळ डेटा जिच्याकडे आहे ती बँक वादात एक बाजू आहे. तिलाच 'तुझं बरोबर का?' असं विचारून तिचं उत्तर हाच निकाल मानायचा, यात तपासणी कुठे झाली? १८७९ च्या कोर्टाला हे चाललं नसतं.

रिझर्व्ह बँकेला हे दिसत नाही असं नाही. तिने कायदा न बदलता कडेकडेने डागडुजी केलीय. २०१७ पासून प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. टॅपनच्या वहीपेक्षा हा केवढा फरक आहे. सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोंविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकांनी दोन गोष्टी आणल्या: बँकेने थकबाकीची नोंद पाठवली की तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, आणि दुरुस्ती नाकारली तर कारण सांगायला हवं. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. त्यातले पहिले २१ दिवस बँकेचे, उरलेले ब्युरोचे. जानेवारी २०२५ पासून बँकांवर महिन्याऐवजी दर पंधरवड्याला माहिती पाठवण्याचं बंधन आलं, त्यामुळे फेडलेलं कर्ज महिनोन्‌महिने 'बाकी' दिसण्याचा प्रकार कमी व्हायला हवा.

यातलं सगळं कामाचं आहे, वापरा. फक्त एक लक्षात घ्या: १०० रुपये उशिराचे आहेत, चुकीचे नाहीत. बँकेने विसाव्या दिवशी एका ओळीत नकार कळवला तर ती नियमात बसते. म्हणून आधी डिस्प्यूटचं बटण दाबून थांबू नका. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला कागदपत्रांसह लिहा, नकाराचं कारण लेखी मागा, ते मिळालं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे जा. आणि कोर्टात किंवा आयोगात जाण्याआधी ते दुसरं जोडकलम वकिलाला दाखवा.

मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावलं, की पीककर्जासाठी सिबिल मागू नका, मागाल तर गुन्हे दाखल करू. बँकांचं गाऱ्हाणं असं, की थकबाकी न बघता कर्ज द्यायचं कसं. मला यात दोन्हीकडून एक गोष्ट राहून गेलेली दिसते. सिबिल बघू नका म्हणणारेही नोंद खरी आहे असंच धरून चालतात; बघणारच म्हणणारेही. कर्जमाफीच्या यादीत नाव अडकलं, सोसायटीने भरणा उशिरा चढवला, तडजोडीत काय ठरलं होतं, हे त्या शेतकऱ्याला विचारायची जागा दोघांच्याही भांडणात नाही.

मित्राची ग्राहक आयोगातली पुढची तारीख लागलीय. या वेळी वकिलाने वेगळा अर्ज केलाय: कर्ज कुठल्या कोर्ससाठी होतं, तो कधी रद्द झाला, पैसे कुणाकडून कुणाकडे गेले, याचा पहिल्या दिवसापासूनचा हिशेब वित्तसंस्थेने आयोगासमोर मांडावा. घराचं बुकिंग त्याने सोडलं. बिल्डरने टोकनचे पैसे परत दिले, त्यातले पाच हजार कापून. त्याची पावती मात्र मिळाली.